निकाहाची निजामत

वाशिम जिल्ह्यात लग्नाच्या मांडवात माईक धरणाऱ्याला वेगवेगळी नावे आहेत. मराठी बोलणारे त्याला सूत्रसंचालक म्हणतात, उर्दूवाले नाजिम किंवा अनाउन्सर म्हणतात, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तो नुसता ‘माईकवाला’ असतो. आम्ही तिघे जण गेली काही वर्षे कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव आणि रिसोड या तालुक्यांत हे काम करतो. एक उर्दू शाळेत शिकवतो, एकाचे मंडप आणि साउंडचे दुकान आहे, एक शेती सांभाळून मुशायऱ्यांना जातो. तिघांपैकी कोणाचेही घर या कामावर चालत नाही आणि चालणारही नाही. मोहर्रम आणि सफरमध्ये आपले लोक लग्न धरत नाहीत (सफर महिना अशुभ असल्याच्या समजुतीला दीनमध्ये काही आधार नाही, तरी ती आहे). रमजानमध्ये मांडव बंद. उरलेल्या महिन्यांत सोयाबीन आणि तुरीला भाव मिळाला तर मोठा शामियाना, नाही मिळाला तर मशिदीत साधा निकाह. म्हणजे आमचा हंगाम एकीकडे चंद्रावर आणि दुसरीकडे बाजार समितीवर.

माईकवरचा बहुतेक वेळ किरकोळ गोष्टींत जातो. एमएच ३७ पासिंगची पांढरी गाडी आचाऱ्याच्या ट्रॅक्टरपुढे उभी आहे, ती काढून घ्यावी. निळ्या शर्टातला पाच वर्षांचा मुलगा स्टेजजवळ रडतो आहे, त्याच्या घरच्यांनी यावे. अकोल्याहून निघालेली बरात शेलूबाजारपर्यंत पोहोचली आहे. शाकाहारी पाहुण्यांची पंगत शाळेच्या आवारात आहे. हे सगळे सांगावेच लागते आणि सांगण्यात कमीपणा काही नाही. उलट शाकाहारी पंगतीची जागा वेळेवर आणि अदबीने सांगितली नाही, तर गावातले निम्मे शेजारी संकोचून न जेवता परत जातात.

मग मान्यवर येतात. निवडणूक जवळ आली की जास्त येतात. प्रत्येकाचा इस्तकबाल, प्रत्येकाची गुलपोशी, शाल, फोटो. मे महिन्यात, दुपारी एक वाजता, पत्र्याच्या सभागृहात, काझीसाहेब रजिस्टर उघडून बसलेले आहेत, नवरदेवाच्या कपाळावरचा घाम सेहऱ्यात मुरतो आहे, आणि माईकवर अजून माजी सभापतींचे नाव घेणे चालू आहे, असे आम्ही कितीदा तरी पाहिले. आता आम्ही एकच नियम ठेवला आहे. निकाहाची मजलिस बसली की दुआ होईपर्यंत कोणाचाही सत्कार नाही. जे येतील त्यांनी येऊन बसावे. हा नियम ऐकून काही घरांनी आमच्याऐवजी दुसरा माणूस ठरवला. त्याला इलाज नाही.

लग्नाची मजलिस म्हणजे मुशायरा नव्हे, हे मांडव बांधणाऱ्यांना पटवणे सगळ्यात अवघड. निजामतीचे आमचे सगळ्यांचे वेड आले कुठून, तर रेडिओवरून आणि मुशायऱ्यातून. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू करणारे अमीन सयानी (१९३२-२०२४) आमच्या वडिलांच्या पिढीचे उस्ताद. गावोगावच्या माईकवाल्यांनी त्यांचा सूर उचलला. श्रोत्यांना हाक मारताना ते बहिणींना आधी आणि भावांना नंतर ठेवत, ते मात्र फार थोड्यांनी उचलले. पुढे कॅसेटवर मलिकजादा मंजूर अहमद आणि अनवर जलालपुरी यांची निजामत ऐकून आमच्यासारख्यांनी शेर पाठ केले. ते मुशायऱ्याचे बादशहा होते. पण मुशायऱ्यात नाजिम शायराला खुलवतो. निकाहात खुलवायचे कोणाला? तिथे जे घडते ते चार-सहा वाक्यांत घडते, आणि ती वाक्ये आधीच ठरलेली असतात.

तरीही तिथे माईकचे एक खरे काम आहे आणि ते पडद्याच्या पलीकडे आहे. आपल्याकडे पुरुषांचा मांडव वेगळा, बायकांचा वेगळा. मध्ये कनात. काझीसाहेब कुठे बसले, नवरदेवाने मान कशी हलवली, साक्षीदार कोण उभे राहिले, यातले काहीही मुलीच्या आईला दिसत नाही. मुलीला तर नाहीच. त्यांच्यापर्यंत पोहोचतो फक्त आवाज, तोही स्पीकर त्यांच्या बाजूला लावला असेल तर. ज्या मुलीचा निकाह आहे तिला आपल्याबद्दल काय ठरले हे ज्याच्या तोंडून कळते, तो माणूस म्हणजे माईकवाला. आम्हाला हे काम महत्त्वाचे वाटते ते एवढ्यासाठी.

निकाह गुपचूप करू नये, तो लोकांना कळेल असा जाहीर करावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या स्वतःच्या, हजरत खदीजा (रजि.) यांच्याशी झालेल्या निकाहात चुलते अबू तालिब यांनी उभे राहून खुत्बा दिला, असे सीरतच्या ग्रंथांत येते. त्या खुत्ब्यात घराण्याची ओळख होती, वराची ओळख होती आणि मेहरचा उल्लेख होता. निजामतीला नमुना हवा असेल तर तो इथे आहे. थोडक्यात ओळख, स्पष्ट मेहर, आणि बसून जाणे.

आज काझीसाहेब खुत्ब्यात कुरआनच्या ज्या आयती वाचतात, त्या साधारण तीन जागच्या आहेत. सूरह आलि इम्रान, सूरह निसाची पहिली आयत आणि सूरह अहजाब. तिन्हींमध्ये अल्लाहचे भय बाळगण्याचा हुकूम आहे, आणि अहजाबच्या आयतीत त्याच्या जोडीने सरळ, नीट बोलण्याचा हुकूम आहे. प्रत्येक निकाहात हे वाचले जाते. अरबीत असल्यामुळे मांडवातल्या बहुतेकांना, आमच्या माईकवाल्या भावंडांसकट, ते कळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. माईक ज्याच्या हातात असतो तो निकाह लावत नाही, आणि खरे पाहिले तर काझीही लावत नाही. निकाह होतो वधू आणि वर यांच्या ईजाब-कबूलने, दोन साक्षीदारांसमोर, एकाच बैठकीत. इंग्रजांच्या काळातला १८८० चा काझी कायदाही हेच मानतो. विवाहाला काझीची हजेरी आवश्यक आहे असा त्या कायद्याचा अर्थ लावू नये, हे त्यातच लिहून ठेवले आहे. काझीसाहेबांचे काम वाचण्याचे, विचारण्याचे आणि नोंद ठेवण्याचे. ते आदराचे आहेच. पण त्या मांडवात मालक दोनच, मुलगी आणि मुलगा.

मुलीची इजाजत घ्यायला तिचे वकील दोन साक्षीदारांसह आत जातात. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. मामा, चुलते किंवा थोरला भाऊ. ते नवरदेवाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि मेहर सांगून विचारतात. मुलगी बहुधा गप्प राहते किंवा मान हलवते, आणि कुमारिकेचे मौन हीच तिची परवानगी असे हदीसमध्ये आहे. हे सगळेजण सांगतात. पण हजरत खन्सा बिन्ते खिजाम (रजि.) यांचे उदाहरण फार कमी जण सांगतात. वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध निकाह लावून दिला, त्या तक्रार घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या आणि प्रेषितांनी (स.) तो निकाह रद्द ठरवला. हे सहीह बुखारीत आहे. म्हणून वकील आत गेले की आम्ही माईक बंद ठेवतो. त्या तीन-चार मिनिटांत नात चालवायची नाही, शेर म्हणायचा नाही, बँडवाल्यालाही हात दाखवायचा. आत प्रश्न विचारला जात असताना बाहेरच्या आवाजात तो बुडू नये आणि मुलीला काही बोलायचे असेल तर ते ऐकू यावे, एवढाच हेतू.

आता मेहर. इथे थोडे थांबावे लागेल.

मेहर दोन प्रकारचा. जो लगेच द्यायचा तो मुअज्जल. जो नंतर द्यायचा तोही लिहिताना वेगळा, पण उच्चारात जवळजवळ तसाच. अरबीत एका शब्दात ऐन आहे, दुसऱ्यात हम्जा. कागदावर फरक स्पष्ट दिसतो. आपल्या वऱ्हाडी तोंडातून, त्यातही घरघरणाऱ्या स्पीकरमधून, दोन्ही ‘मोअज्जल’च ऐकू येतात. आम्ही मुद्दाम घरातल्या बायकांना विचारून पाहिले. लग्नाला वीस-वीस वर्षे झालेल्या, शिकलेल्या बायका. आपला मेहर कोणता ठरला होता हे त्यांतल्या अनेकींना सांगता आले नाही. आकडा आठवतो, कारण तो माईकवर मोठ्याने घेतला गेला. तो मिळायचा कधी, हे कोणी सांगितलेच नव्हते.

हा शब्दाचा घोळ लहान वाटतो, पण त्याची किंमत मोठी आहे. नंतर द्यायच्या मेहरला मुदत ठरलेली नसेल, तर तो तलाकच्या किंवा मृत्यूच्या वेळी देणे लागतो. नवरा वारला तर मेहर हे त्याच्यावरचे कर्ज असते आणि वारसांत वाटणी होण्याआधी ते फेडावे लागते. प्रत्यक्षात काय होते ते प्रत्येक मोहल्ल्याने पाहिले आहे. जनाजा उचलायच्या आधी दोन-चार पोक्त बायका विधवेजवळ येतात आणि कानात म्हणतात, ‘मेहर माफ कर दे बेटी, उन पे बोझ रहेगा.’ ती रडत मान हलवते. शुद्धीवरच्या, सावध माणसाने खुशीने सोडलेला हक्क सोडता येतो, यात वाद नाही. पण नवऱ्याचे प्रेत अंगणात असताना विचारलेल्या प्रश्नाला खुशी म्हणायचे की नाही, हे आपापल्या घरी बसून ठरवावे.

म्हणून आम्ही माईकवर ते अरबी शब्द वापरून सोडून देत नाही. काझीसाहेब वाचतील ते त्यांच्या पद्धतीने वाचतील. आम्ही त्यानंतर एकदा उर्दूत आणि एकदा मराठीत सांगतो: मेहर इतके रुपये, त्यापैकी इतके आज, या मजलिसमध्ये रोख दिले, इतके बाकी, ते अमुक वेळी द्यायचे आहेत. सोने असेल तर वजन ग्रॅममध्ये. ‘एक हार’ नाही, ‘कानातले’ नाही. हार पाच ग्रॅमचाही असतो आणि पन्नास ग्रॅमचाही.

रक्कम किती असावी हे सांगणारे आम्ही कोण? तरी दोन गोष्टी विचारणाऱ्यांना सांगतो. हनफी मसलकनुसार मेहर दहा दिरहमपेक्षा कमी असू नये. उलमा त्याचे वजन सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी धरतात. आजोबांच्या निकाहनाम्यातला आकडा बरकतीचा म्हणून तसाच पुढे चालवणारी घरे अजून आहेत. त्यांनी तो आकडा त्या दिवशीच्या चांदीच्या भावाशी ताडून पाहावा आणि काझीसाहेबांना विचारावे. दुसरे, ‘मेहर-ए-फातिमी’. आपल्याकडचे उलमा तो १३१ तोळे ३ मासे चांदी, म्हणजे दीड किलोपेक्षा थोडा जास्त धरतात. नुसते ‘मेहर-ए-फातिमी’ म्हणून पुढे जाणाऱ्यांना आम्ही वजनही उच्चारायला सांगतो, कारण हे नाव ऐकून मांडवातले बरेच लोक समजतात की अगदी थोडा, प्रतीकापुरता मेहर ठरला. हजरत अली (रजि.) यांनी आपले चिलखत विकून तो दिला होता. थोडा कसा असेल?

हजरत उमर (रजि.) यांनी मेहरला मर्यादा घालायचे मनात आणले तेव्हा भर सभेत एक स्त्री उठली आणि सूरह निसाच्या आयतीचा दाखला देऊन तिने त्यांना अडवले, त्यांनीही आपला विचार मागे घेतला, हा प्रसंग वाअजमधून आपण सगळ्यांनी ऐकला आहे. तो नेहमी खलीफांच्या मोठेपणासाठी सांगतात. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या बाईला बोललेले ऐकू येत होते.

तीन वर्षांपूर्वी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्यापैकी एकाच्या हातात मुलाकडच्यांनी चिठ्ठी दिली. त्यावर मेहर एक्कावन्न हजार, बाकी. मुलीचे वकील आतून इजाजत घेऊन आले आणि त्यांनी काझीसाहेबांच्या कानात सांगितले: एक्कावन्न हजार आणि दहा ग्रॅम सोने, सोने आजच. मुलीला याच शब्दांत विचारले होते आणि तिने याच शब्दांवर हो म्हटले होते. मुलाचे एक नातेवाईक पुढे सरकले. ‘अरे, सोना तो चढाएंगेच ना घर में, मेहर में काहे को लिखना? तुम आगे बढो.’ घरच्यांनी मुलीला घातलेला दागिना आणि मेहरमध्ये दिलेला दागिना यांतला फरक पुढे भांडण झाले की कळतो. पहिला ‘आमचा होता’ म्हणून मागता येतो, दुसरा मागता येत नाही. आमच्या माणसाने माईक बंद केला, चिठ्ठी काझीसाहेबांसमोर ठेवली आणि तो बाजूला उभा राहिला. काझीसाहेब म्हणाले, जे विचारून आलात तेच लिहिले जाईल, नाहीतर पुन्हा आत जाऊन विचारा. दहा-बारा मिनिटे कुजबुज झाली. शेवटी मुलाच्या वडिलांनी स्वतः खिशातून डबी काढून वकिलांच्या हातात दिली. मग माईक सुरू झाला आणि सोन्याचे वजन सर्वांसमोर सांगितले गेले. त्या नातेवाइकांनी जेवताना आमच्या माणसाशी बोलणे टाळले, मुलाच्या वडिलांनी मात्र निघताना त्याला गळामिठी मारली.

नोंद नीट असण्याचे कारण कायद्यातही आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या हक्कांबाबतच्या १९८६ च्या कायद्यात, विवाहाच्या वेळी किंवा नंतर ठरलेल्या मेहरइतकी रक्कम मिळण्याचा तिचा हक्क नमूद आहे. आकडा ठरला होता हे दाखवायला निकाहनामा लागतो आणि साक्षीदार लागतात. दोनशे माणसांनी कानांनी ऐकलेला आकडा नंतर बदलणे सोपे नसते.

मेहरच्या उलट बाजूची गोष्ट जहेजची. काही ठिकाणी मुलीला दिलेल्या सामानाची यादी माईकवर वाचायचा आग्रह होतो. फ्रीज अमुक कंपनीचा, वॉशिंग मशीन, पलंग, भांड्यांचे नग, आणि शेवटी जरा थांबून, आवाज चढवून, मोटारसायकल. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहेत. त्याच कायद्याने मेहरला मात्र हुंड्याच्या व्याख्येतून स्पष्ट बाहेर ठेवले आहे. भेटवस्तूंची यादी कागदावर लिहून ठेवावी असे १९८५ चे नियम सांगतात. आपण काय करतो? कागदावर असायला हवे ते माईकवर ओरडतो आणि माईकवर यायला हवा तो मेहर चिठ्ठीत घडी करून ठेवतो. जहेजची यादी आम्ही वाचत नाही. ‘दुसऱ्यांनी तर वाचली’ असे ऐकावे लागते. समोर बसलेल्या ज्या मजुराच्या घरी तीन मुली आहेत, त्याने ती यादी ऐकताना काय हिशेब मांडला असेल, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आमच्या भागातल्या मांडवात निम्मे पाहुणे मराठी बोलणारे असतात. शेताचे शेजारी, अडते, शाळेतले मास्तर, तांड्यावरचे बंजारा सोयरे (आम्ही त्यांना सोयरेच म्हणतो), बौद्ध वस्तीतले मित्र. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लग्नांना येतात आणि निकाहाच्या वेळी मागच्या खुर्च्यांवर बसून मोबाइल बघतात, कारण त्यांना कोणी काही सांगतच नाही. हिंदू लग्नात मंगलाष्टके सुरू झाली की आपणही अक्षता हातात घेऊन उभे राहतो, आपल्याला काय चालले ते कळते. त्यांना आपले कळू नये हे बरे नाही. म्हणून खुत्ब्याच्या आधी दीड-दोन मिनिटे आम्ही साध्या मराठीत बोलतो. ज्यांना हवे असेल त्यांनी हे जसेच्या तसे घ्यावे:

‘पाहुणे मंडळी, आता निकाह सुरू होतो आहे. निकाह हा वधू आणि वर या दोघांमधला करार आहे. वधूची परवानगी तिच्या वकिलांनी दोन साक्षीदारांसमोर घेतली आहे. वर तिला मेहर देणार आहे. ही रक्कम वधूची स्वतःची असते, तिच्यावर माहेरचा हक्क नाही आणि सासरचाही नाही. काझीसाहेब अरबीत खुत्बा वाचतील, तेव्हा शांत बसावे. वराने कबूल म्हटले की विवाह झाला. मग आपण सगळे मिळून दोघांसाठी दुआ करू, प्रार्थना करू, आणि खारका वाटल्या जातील.’

रिसोडजवळ एका लग्नात हे ऐकून एक म्हातारे शेतकरी हात पुसत आमच्याकडे आले. म्हणाले, ‘पन्नास लग्नं जेवलो राजेहो तुमच्याइतली. पन पोरीले इचारतेत अन् पैशे तिच्या नावानं ठरतेत, हे आज मालूम पडलं.’ आणि पुढे लगेच, ‘आमच्यात असं असतं तं बरं झालं असतं.’ आम्ही त्यांना खरे ते सांगितले, की ठरतात खरे, सगळ्यांना मिळतातच असे नाही.

शेरोशायरीचे काय, असे आमचा मुशायऱ्याला जाणारा मित्र विचारतो. तिला जागा आहे, दुआनंतर. सेहरा वाचणे ही आपली जुनी रीत आहे. बहादूरशाह जफर यांचा मुलगा जवांबख्त याच्या १८५२ च्या लग्नासाठी गालिबने सेहरा लिहिला, त्याच्या शेवटच्या शेरातला टोमणा बादशहाचे उस्ताद जौक यांना लागला, त्यांनी उत्तरादाखल दुसरा सेहरा लिहिला आणि गालिबला माफीची कविता लिहावी लागली. म्हणजे सेहऱ्यावरून रुसवेफुगवे दिल्लीच्या किल्ल्यातही होत. आमच्याकडे ते फुफाजींचे होतात. सेहऱ्यात दादा, नाना, चाचा, मामू सगळे गुंफले आणि फुफाजी राहिले की जेवणाची पंगत अडते. छापील सेहऱ्यात नाव नसेल तर आम्ही वाचताना दोन शब्द जोडून घेतो. वजन बिघडते, पण लग्न निभावते. रुख्सतीची नज्म मात्र आम्ही आता बंद केली आहे. बायकांना रडवायची ती जणू पैज असते. मुलगी आधीच रडत असते, आई भोवळ येऊन पडते आणि लोक माईकवाल्याची तारीफ करतात.

इज्तेमाई शादी, म्हणजे सामुदायिक निकाह, हे वेगळेच काम. तिथे पाच, अकरा, कधी एकवीस जोडपी असतात आणि भीती असते ती नावांच्या गल्लतीची. एकाच नावाच्या दोन मुली असतातच. आम्ही प्रत्येक जोडप्याला क्रमांकाची चिठ्ठी देतो: वधू, तिचे वडील, वर, त्याचे वडील, वकील, दोन साक्षीदार, मेहर रोख, मेहर बाकी. तोच क्रमांक वधूच्या ओढणीला, नवरदेवाच्या खिशाला आणि रजिस्टरच्या पानाला. खुत्बा एकदा झाला तरी ईजाब-कबूल प्रत्येकाचे वेगळे घ्यावे लागते, आणि दुपारच्या उन्हात सातव्या जोडप्यापर्यंत सगळे घाईला येतात. अशा ठिकाणी पुढारी सर्वांत जास्त असतात आणि भाषणेही सर्वांत लांब. वय तपासण्याचे काम आयोजकांचे. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण नसेल तर तो क्रमांक आम्ही पुकारत नाही, हे आधीच कळवलेले असते.

रात्रीच्या कार्यक्रमांबद्दल एवढेच, की ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायचा नाही. ईशानंतर बरात आली तर नऊपर्यंत निकाह उरकलेला बरा. शेजारी कोणाचा बाप आजारी आहे, कोणाच्या मुलीची दहावीची परीक्षा आहे, हे मांडववाल्याला माहीत नसते, घरच्यांना असते.

मशिदीत होणारे साधे निकाह आता जिल्ह्यात वाढले आहेत. असर किंवा मगरिबनंतर पंधरा मिनिटांत सगळे होते, खर्च नाही, सत्कार नाही. आम्हाला त्यात काम नाही आणि त्याचा आनंदच आहे. फक्त तिथे बायका नसतात, मुलगी तिच्या घरी असते आणि मेहरचा आकडा मशिदीच्या भिंतीआड राहतो. अशा वेळी वकिलांनी निकाहनाम्याची प्रत त्याच संध्याकाळी मुलीच्या हातात द्यावी, आम्ही ओळखीच्यांना एवढे सांगतो. मोबाइलवर काढलेला फोटोही चालतो.

मांडव ठरवायला कोणी आले की आमचा साउंडवाला भाऊ आता पहिल्यांदा कनातीची जागा विचारतो. बायकांच्या बाजूला एक स्पीकर, आवाज बेताचा, तोंड मुलीच्या खोलीकडे. त्याचे वेगळे पैसे तो घेत नाही. गेल्या शव्वालमध्ये कारंजाच्या एका घरात मुलीच्या खालेने त्याला निरोप पाठवला, की काझीसाहेबांचे ऐकू आले, मेहरही ऐकू आला, पण नवरदेवाचे ‘कबूल है’ ऐकू आले नाही, त्याच्यासमोर माईक धरला नव्हता का? तेव्हापासून आम्ही दोन माईक नेतो.